गुप्तवार्ता खाते आणि नागरिकांचा माहितीचा अधिकार

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात, जामनेर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्या माध्यमिक शाळेत सहशिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



या मेळाव्यात दरवर्षी एका शिक्षकाने एखाद्या विषयावर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. परीक्षेची तयारी, शिष्यवृत्त्या, मुलींचे शिक्षण असे विषय बहुधा असतात आणि ते असायलाच हवेत. या वेळी मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषयाचे नाव कळताच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "सर, पोलीस, गुप्तवार्ता ही नावे आपण कशाला घ्यायची? बच्चों का प्रोग्राम है." त्यांना माझी काळजी होती, हे मी जाणतो. परंतु ज्या कायद्याविषयी बोलायलाही आपण भितो, तो कायदा आपण वापरणार कधी, असा प्रश्न मला पडला. म्हणून विषय बदलला नाही.

प्रथम एक अनुभव सांगतो. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा होता. वडील जिनिंगमध्ये हमाली करणारे, घरात चार भावंडे. मुलगा कष्टाळू. चार-पाच वर्षांपूर्वी त्याने एका सरकारी भरतीची परीक्षा दिली, शारीरिक चाचणी पार केली, वैद्यकीय तपासणीही झाली. घरात मिठाई वाटली गेली. त्यानंतर एके दिवशी पत्र आले. चारित्र्य पडताळणीचा अहवाल अनुकूल नसल्यामुळे आपली निवड रद्द करण्यात येत आहे, एवढाच मजकूर. मुलावर कधी गुन्हा नव्हता, साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नव्हती. तो माझ्या घरी आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, माझ्याबद्दल लिहिलंय तरी काय?"

आम्ही दोघांनी बसून माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. उत्तर आले ते असे, की मागितलेली माहिती गुप्तवार्तेच्या कामाशी संबंधित असल्याने या कामास सदर अधिनियम लागू नाही. त्या मुलाच्या अम्मीला मी ते उत्तर वाचून दाखवले. त्या शिकलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, म्हणजे माझ्या मुलाची गोष्ट साऱ्या कचेरीला माहीत आणि आम्हालाच नाही?" या वाक्यातच आजचा माझा विषय आहे. त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी हा कायदा काय आहे ते पाहू.

माहितीच्या अधिकाराच्या बाबतीत आपला महाराष्ट्र दिल्लीच्या पुढे होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने आपल्या राज्यात २००२ चा माहितीचा अधिकार कायदा आला. त्यानंतर संसदेने संपूर्ण देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ संमत केला आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. त्याच्याही आधी, १९७५ साली, उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राज नारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी असा विचार मांडला होता की, सरकारी सेवक जनतेच्या नावाने जे करतात ते जाणण्याचा जनतेला हक्क आहे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या खटल्यातील वादाचा कागद पंतप्रधानांच्या सुरक्षेसंबंधीच्या सूचनांचा होता. म्हणजे गुपित आणि हक्क यांची गाठ आपल्या देशात पहिल्यापासून पडलेली आहे.

२००५ च्या कायद्यात गुपित राखण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांतील फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे. पहिला मार्ग कलम ८ चा. देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता यांना बाधा आणणारी माहिती, पोलिसांना गुप्तपणे खबर देणाऱ्याचे नाव उघड होऊन त्याच्या जिवाला धोका होईल अशी माहिती, चालू तपासात अडथळा येईल अशी माहिती देण्याचे बंधन नाही. येथे अधिकाऱ्याला प्रत्येक कागद पाहावा लागतो. कागदाचा काही भागच गुप्त असेल, तर कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. शिवाय माहिती उघड करण्यातले लोकहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर गुप्त कागदही देता येतो.

दुसरा मार्ग कलम २४ चा. या कलमान्वये दुसऱ्या अनुसूचीत ज्या यंत्रणांची नावे आहेत, त्यांना हा कायदा मुळी लागूच नाही. इंटेलिजन्स ब्युरो म्हणजे आय.बी., परदेशी हेरगिरी पाहणारी 'रॉ', अंमलबजावणी संचालनालय, महसूल गुप्तवार्ता संचालनालय, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल इत्यादी १८ नावे आरंभी त्या यादीत होती. पुढे त्यात भर पडत गेली. यादीत नवे नाव घालण्यास संसदेची आधी संमती लागत नाही. सरकारने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि मग ती सभागृहांपुढे ठेवायची, एवढे पुरते. राज्य सरकारलाही आपल्या गुप्तवार्ता व सुरक्षा यंत्रणांबाबत तसाच अधिकार आहे.

विद्यार्थ्यांना समजावे म्हणून मी असे म्हणतो, की कलम ८ हे कागदाला लावलेले कुलूप आहे आणि कलम २४ हे कचेरीच्या दाराला लावलेले कुलूप आहे. कागदाच्या कुलपाला किल्ली असते आणि ती का लावली याचे कारण सांगावे लागते. दाराला कुलूप लागले, की आत गुपित आहे की चूक, देशाचे रक्षण आहे की कोणाची सोय, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. गुप्तता असावी, पण ती कागदाला असावी, कचेरीला नसावी. एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते का, हे मी सांगणार आहे.

कोणी असे समजू नये की, गुप्तवार्ता खाते नको असे मी म्हणतो. ते हवे आहे. २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबईची रात्र आपण कोणीही विसरलेलो नाही. अशा संकटाची खबर जो माणूस जीव धोक्यात घालून देतो, त्याचे नाव कधीही बाहेर येऊ नये. फौज कोठे हलणार, पहारा कोठे असणार, कोणाच्या हालचालीवर नजर आहे, हे कागद कुलपातच हवेत. परंतु त्याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. त्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी गृहसचिव राम प्रधान आणि गुप्तचर सेवेतील निवृत्त अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. हल्ल्यापूर्वी मिळालेल्या खबरींवर जी कार्यवाही व्हायला हवी होती तीत कोठे त्रुटी राहिल्या, हे त्या समितीने लिहिले. तो अहवाल सरकारने आरंभी विधिमंडळापुढे ठेवला नव्हता, वाद झाला आणि २००९ च्या डिसेंबरात ठेवावा लागला. त्याने देशाची सुरक्षितता घटली असे कोणी दाखवून दिलेले नाही. उलट आपल्या पोलीस दलात काय सुधारायचे, हे सर्वांना कळले. चूक झाकल्याने सुरक्षितता वाढत नाही, हा त्यातला धडा आहे.

आता थोडे इतिहासात जाऊ. आपल्या देशात केंद्रीय गुप्तचर खात्याचा पाया इंग्रजांनी १८८७ साली घातला. ते खाते कोणासाठी होते? लोकमान्य टिळक काय बोलतात, खिलाफतीच्या सभेला किती माणसे जमतात, कोण कोणाकडे उतरतो, हे टिपण्यासाठी. मुंबई इलाख्याचे पोलीस अशा खबरींचे गोपनीय गोषवारे नियमाने तयार करीत. १९३६ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्या काळी ज्या माणसांवर असा पहारा होता, तीच माणसे पुढे स्वतंत्र देशाचे राज्यकर्ते झाली.

आणि त्या कागदांचे काय झाले? १९५७ पासून मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्यांत सरकारी दप्तरातले, एके काळी गोपनीय असलेले पोलिसांचे अहवाल छापले गेले. आज इतिहासाचा विद्यार्थी ते वाचू शकतो. आपल्या खानदेशाला तर कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे जमवली, कारण कागद गेला की खरे-खोटे ठरवण्याचे साधन जाते, हे त्यांना ठाऊक होते.

तथापि स्वातंत्र्यानंतर दप्तर उघडण्याचा हा उत्साह गुप्तचर खात्याच्या बाबतीत टिकला नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या कुटुंबावर १९४८ ते १९६८ अशी तब्बल वीस वर्षे आय.बी.ची पाळत होती, हे देशाला कळले २०१५ साली. ज्या घराने देशासाठी एवढे दिले, त्या घरची पत्रे स्वतंत्र भारतात उघडून वाचली जात होती! ज्यांची पत्रे वाचली, त्यांतले बहुतेक तोवर हयातही नव्हते. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ साली झाला. पंचवीस वर्षांपेक्षा जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत व संशोधकांना पाहायला मिळावेत, हा त्याचा हेतू. पण जेथे दाराला कुलूप आहे, तेथे आतला कागद पंचवीस वर्षांचा झाला की पन्नास, हे बाहेरच्याने कसे ओळखावे?

येथे मी एका शिक्षकाची हकिकत सांगतो. ती मला फार जवळची वाटते. मध्य प्रदेशात रामशंकर रघुवंशी नावाचे शिक्षक होते. त्यांची नगरपालिकेची शाळा १९७१ साली सरकारने ताब्यात घेतली आणि १९७२ साली त्यांना सरकारी सेवेत सामावून घेतले, मात्र पूर्वचारित्र्याच्या पडताळणीच्या अटीवर. पोलीस अधीक्षकांनी अहवाल दिला की, हे गृहस्थ राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जनसंघ यांच्या कार्यात भाग घेत असल्याने सरकारी नोकरीस योग्य नाहीत. १९७४ साली त्यांची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८३ साली न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. पोलिसांच्या गुप्त अहवालावरून, कोणी कोणत्या विचाराच्या सभेला जात होता एवढ्यावरून त्याची भाकरी काढून घेणे हे लोकशाहीला शोभणारे नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

ही हकिकत मी मुद्दाम सांगितली. तो शिक्षक आपल्या समाजाचा नव्हता आणि त्याचे राजकारणही आपल्यापैकी अनेकांना पटणारे नव्हते. तरीही तो निकाल तुमच्या-माझ्या मुलांचा आहे. हक्क मागायचा तर तो सर्वांसाठी मागावा लागतो. आज ज्याच्याविषयी अहवाल लिहिला जातो तो उद्या सत्तेवर असतो, आणि आज जो अहवाल मागवतो त्याच्याविषयी उद्या लिहिले जाते. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, हे सर्व पक्षांनी अनुभवले आहे. १९७७ साली मेनका गांधी यांचे पारपत्र सरकारने जमा करून घेतले, तेव्हा लोकहितास्तव कारण सांगता येत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला घालताना न्याय्य रीत पाळावीच लागेल. पदवीला राज्यशास्त्र घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला वाचावा लागतो.

आता आपल्या शेजारच्या मालेगावकडे येऊ. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तान व हमीदिया मशीद परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. आपल्या भागातल्या अनेकांचे तेथे नाते आहे, त्यामुळे मी अधिक वर्णन करीत नाही. नऊ जणांना अटक झाली. राज्याचे दहशतवादविरोधी पथक, मग सी.बी.आय., मग राष्ट्रीय तपास यंत्रणा अशा तीन यंत्रणांनी एकाच गुन्ह्याचा तपास केला. पहिल्या दोहोंचे एक म्हणणे, तिसरीचे दुसरे. बहुतेक जण पाच वर्षे तुरुंगात काढून २०११ च्या नोव्हेंबरात जामिनावर सुटले आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले.

त्याच वर्षी ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक निरपराध प्रवासी मरण पावले. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप सुनावली. फाशी झालेल्यांपैकी एकाने तुरुंगातून माहितीचा अधिकार वापरला. या खटल्याविषयी आय.बी.ने केलेला एक अहवाल असल्याची बातमी त्याने वाचली होती, तो अहवाल त्याने मागितला. कलम २४ दाखवून नकार मिळाला. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि २०१९ च्या जानेवारीत न्यायालयाने केंद्रीय माहिती आयोगाला त्याच्या अर्जाचा पुन्हा विचार करण्यास सांगितले. पुढे २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण त्याआधीच तुरुंगवासात मरण पावला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे २४ जुलैला असे सांगण्यात आले की, सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही, मात्र हा निकाल तूर्त इतर खटल्यांत आधार म्हणून वापरता येणार नाही.

खटला न्यायालयात आहे, म्हणून त्याच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. मी फक्त एवढेच विचारतो, की एकोणीस वर्षांनंतर या प्रकरणात सर्वांत जास्त अंधारात कोण आहे? जे तुरुंगात होते ते तर आहेतच. पण ज्या आईचा मुलगा त्या लोकलमधून घरी परतला नाही, तीही आहे. तिच्या मुलाला कोणी मारले, हे तिला कळले पाहिजे. तपासाचा कागद उघडा होणे हे आरोपीच्या जितके हिताचे, तितकेच, किंबहुना अधिक, मृताच्या वारसांच्या हिताचे आहे. निरपराध माणूस आत बसला, तर खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो. त्याने देश सुरक्षित होत नाही.

कोणी म्हणेल, गुप्तचर खाते सगळीकडे असेच असते. तसे नाही. इंग्लंडने आपली सुरक्षा खाती माहितीच्या कायद्याबाहेर ठेवली आहेत, हे खरे. परंतु अमेरिकेत १९६६ च्या कायद्याखाली एफ.बी.आय. आणि सी.आय.ए. यांच्याकडेही अर्ज करता येतो. बरेच कागद नाकारले जातात, काही काळ्या पट्ट्या मारून मिळतात, १९८४ पासून सी.आय.ए.च्या प्रत्यक्ष कामगिरीच्या फायलींना सूटही आहे. पण कचेरी संपूर्ण कायद्याबाहेर नाही. जर्मनीने त्याहून मोठे पाऊल उचलले. पूर्व जर्मनीची 'श्टासी' ही गुप्त पोलीस यंत्रणा लाखो नागरिकांवर पाळत ठेवीत असे. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९१ च्या अखेरीस कायदा झाला आणि १९९२ पासून प्रत्येकाला स्वतःवरची फाईल मागण्याचा हक्क मिळाला. तरीही ते राष्ट्र उभेच आहे.

आपल्याकडे मात्र यादी वाढत गेली. २०११ च्या जूनमध्ये सी.बी.आय.चेही नाव त्या अनुसूचीत घातले गेले. वास्तविक सी.बी.आय.चे मोठे काम भ्रष्टाचाराच्या तपासाचे. बँकेतला घोटाळा आणि सरहद्दीवरचे गुपित यांना एकच कुलूप का, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला तरी कोठे आढळले नाही.

परंतु निराश होण्याचे कारण नाही. कायदा करणाऱ्यांनी त्या बंद दारालाही एक खिडकी ठेवली आहे. कलम २४ च्या परंतुकात म्हटले आहे की, भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधीची माहिती या सूटीत येत नाही. मानवी हक्कांच्या बाबतीत माहिती आयोगाची मान्यता लागते आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने, वनसेवेतील अधिकारी संजीव चतुर्वेदी यांच्या प्रकरणात, दिल्लीच्या 'एम्स'च्या ट्रॉमा सेंटरमधील जंतुनाशकांच्या खरेदीतील कथित भ्रष्टाचाराविषयी निर्णय देताना स्पष्ट केले की, अनुसूचीत नाव आहे म्हणून सी.बी.आय. या कायद्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. म्हणजे खिडकी आहे. ती कोठे आहे हे ज्याला माहीत, तोच तिच्याशी जाऊन उभा राहील.

आपण मागावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. एक, गुप्ततेचा निर्णय कागदागणिक व्हावा आणि नाकारताना कारण लिहून द्यावे. दोन, चारित्र्य पडताळणीत एखाद्याविरुद्ध मजकूर असेल, तर खबर देणाऱ्याचे नाव झाकून तो मजकूर त्या माणसाला दाखवावा व त्याचे म्हणणे ऐकावे. तीन, ठरावीक वर्षांनंतर जुने दप्तर अभिलेखागारात जावे. यांत देशविरोधी काही नाही. या मागण्या आमदार-खासदारांपुढे निवेदनाने, सभ्य भाषेत मांडता येतात.

आणि आपण करावे काय? हे अधिक महत्त्वाचे, म्हणून पालकांनी कृपया लक्ष द्यावे. आपल्यात एका नावाची दहा माणसे असतात. शेख कोठे शेख, कोठे शेक, इंग्रजीत चार तऱ्हांनी. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि गुणपत्रिका यांवरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे ना, हे मूल शाळेत असतानाच पाहा. आम्ही शिक्षक त्यासाठी बसलेलो आहोत. दुसरे, नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात काहीही लपवू नका. एखादी जुनी तक्रार असेल तर ती लिहा. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, उमेदवाराने खरी माहिती द्यावी, आणि नेमणूक करणाऱ्यानेही किरकोळ बाबींचा सारासार विचार करावा. तिसरे, अर्ज करायला घाबरू नका. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत एकच विषय, एवढेच लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पहिले अपील, आणि नंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आपल्या जिल्ह्यासाठी आयोगाचे खंडपीठ नाशिकला आहे. भाषा नम्र ठेवा, पोच जपून ठेवा.

आता त्या मुलाची राहिलेली गोष्ट. आम्ही थांबलो नाही. ज्या कचेरीने निवड रद्द केली, तिच्याकडे वेगळा अर्ज केला, की आपण ज्या कागदाच्या आधारे निर्णय घेतलात तो द्या. तेथेही नकार आला. मग पहिले अपील केले. सुनावणीला मी त्याच्याबरोबर गेलो. तेथले अधिकारी सज्जन होते. त्यांनी शांतपणे ऐकले, फाईल मागवली आणि नावे झाकून तेवढा कागद देण्याचा आदेश दिला. तो कागद आम्ही कचेरीच्या व्हरांड्यातच वाचला. मुलाचे नाव बरोबर होते. वडिलांचे नाव दुसरे होते आणि गावही दुसरे. ज्याच्यावर गुन्हा होता तो कोणी वेगळाच माणूस होता.

त्या कागदात देशाचे कोणतेही गुपित नव्हते. एका कारकुनाची चूक होती, आणि कुलपामुळे ती चूक सुरक्षित राहिली होती. दुरुस्तीचे पत्र निघाले, पण या साऱ्याला एकोणीस महिने लागले आणि तोवर त्या भरतीच्या यादीची मुदत संपली होती. ती नोकरी त्याला मिळाली नाही. आज तो जळगावला एका दुकानात हिशेब पाहतो आणि रात्री अभ्यास करतो. वयोमर्यादेची अजून दोन वर्षे त्याच्या हातात आहेत. दुरुस्तीचे ते पत्र त्याच्या अम्मीने पेटीत, कापडात गुंडाळून ठेवले आहे. मी विचारले, तर म्हणाल्या, "सर, नोकरी गेली ती गेली. पण माझ्या मुलाच्या नावावरचा डाग या कागदाने पुसला."

बंधू-भगिनींनो, सरकारकडे असलेला आपल्याविषयीचा कागद ही आपली अमानत आहे. अमानत सांभाळणाऱ्याने ती लपवून ठेवावी, पण मालकाने विचारले तर नाकारू नये, हा व्यवहार आपल्या बाजारातला साधा दुकानदारही पाळतो. सरकारनेही तो पाळावा, एवढीच अपेक्षा आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या पोलीस खात्यात जाल, काही महसुलात, कोणी कदाचित त्या गुप्तवार्ता खात्यातही. मला त्याचा आनंदच होईल. त्या खुर्चीवर बसाल तेव्हा एखाद्या अनोळखी मुलाविषयी शेरा लिहिण्याआधी त्याच्या वडिलांचे नाव आणि गाव दोनदा तपासून पाहा.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.